सशीण चार वर्षांची झाली, आता ऑपरेशन करावं का?

आमची शेवंती साडेपाच वर्षांची असताना तिच्या चादरीवर पहिल्यांदा लाल डाग दिसला. आदल्या दिवशी तिने बिटाची पानं खाल्ली होती, त्यांचाच रंग उतरला असेल असं आम्ही धरून चाललो. तीन आठवड्यांनी पुन्हा डाग दिसला, मग काही दिवस काहीच नाही. शेवटी दवाखान्यात नेलं, तेव्हा सोनोग्राफीत गर्भाशयातली गाठ लिंबाएवढी दिसत होती आणि छातीच्या एक्स-रेत फुप्फुसांवर ठिपके आले होते. गर्भाशय काढून टाकण्याच्या, म्हणजे नसबंदीच्या, ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. त्याआधी दोन वर्षं विषय निघाला की घरात एकच वाक्य व्हायचं, “आता वय झालं तिचं, उगाच कशाला कापाकापी.”

पुढे एका कुटुंबाला पुणं सोडायचं होतं, म्हणून त्यांची सशीण जाई आमच्याकडे आली. ती तेव्हा चार वर्षांची होती. तिच्या वेळी आम्ही सगळं नीट विचारून, लिहून काढून ठरवलं. कमी-जास्त तिच्याच वयाची सशीण ज्यांच्या घरी आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ती मादीच आहे ना, ते बघा

दुकानातून आणलेल्या पिल्लांचं नर-मादी पुष्कळदा चुकीचं सांगितलेलं असतं, आणि घरात ते नाव वर्षानुवर्षं तसंच चालतं. गळ्याखाली कातडीची जाड घडी लोंबत असेल तर बहुधा मादी असते, पण तेवढ्यावर जाऊ नका. डॉक्टर दोन मिनिटांत सांगतात. मोठी झालेली सशीण दुसऱ्या कुणाकडून घेतली असेल, तर तिचं ऑपरेशन आधीच झालंय का हेही त्यांना विचारून घ्या. जुनी खूण केसांखाली सहसा सापडत नाही, अशा वेळी सोनोग्राफीचा उपयोग होतो.

“जवळ नरच नाही, मग कशाला?”

सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न हा. पिल्लं होऊ नयेत हा एक हेतू झाला. मोठ्या वयाच्या सशिणीसाठी खरा प्रश्न गर्भाशयाच्या कर्करोगाचा असतो. घरगुती सशांच्या माद्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी गाठ हीच, आणि वय वाढेल तसा तिचा धोका वाढत जातो. तीन वर्षांपर्यंत तो कमी असतो, चार वर्षांनंतर झपाट्याने चढतो. काही जातींच्या माद्यांमध्ये या वयापुढे निम्म्याहून जास्त जणींना हा रोग झालेला आढळला आहे. एकट्या राहणाऱ्या मादीलाही तो होतो. “एकदा पिल्लं होऊ द्या, म्हणजे त्रास होणार नाही” हे पूर्णपणे चुकीचं आहे.

कर्करोगाशिवाय गर्भाशयात पू होणं, पाणी साठणं, आतलं अस्तर जाड होऊन त्यातून रक्त जाणं असेही आजार वाढत्या वयात होतात. आणि ससा आजार लपवतो. शिकार होणारा प्राणी आहे तो, दुखतंय हे दाखवणं त्याच्या स्वभावात नाही. शेवंती गाठ घेऊन महिनोन्महिने रोज सकाळी कोथिंबिरीसाठी उड्या मारत येत होती.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. सहा महिन्यांच्या मादीचं ऑपरेशन केलं, की तिचं खोदणं, चावणं, हद्द आखण्यासाठी जागोजागी लघवी करणं बरंच कमी होतं. पाच वर्षांच्या मादीत तेवढा फरक पडेलच असं नाही, सवयी पक्क्या झालेल्या असतात. केवळ वागणं सुधारावं म्हणून एवढ्या वयात ऑपरेशन करू नये, असं माझं मत आहे. आरोग्यासाठी करायचं असेल तर जरूर पुढे वाचा.

लाल लघवी म्हणजे रक्तच असं नाही

सशाची लघवी पिवळी, नारिंगी, अगदी विटकरी लालसुद्धा असू शकते. पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे हे होतं आणि त्यात काळजीचं काही नसतं. असा रंग सगळ्या लघवीत एकसारखा पसरलेला असतो. रक्त असेल तर ते बहुतेक वेळा लघवीच्या शेवटी येतं. रेषेसारखं, थेंबाथेंबाने, कधी गुठळीसारखं दिसतं. मधेच थांबतं आणि पुन्हा सुरू होतं. आम्ही फसलो ते इथेच. मधले कोरडे दिवस आले, की माणूस निश्चिंत होतो.

कुत्री माजावर आली की तिला रक्त जातं, तसं सशिणीचं नसतं. तिच्या अंगातून रक्त गेलं, तर ते कधीच “नेहमीचं” नसतं. मूत्राशयातल्या खड्यानेही रक्त जाऊ शकतं, म्हणून अंदाज न बांधता नमुना तपासा. ट्रेमधलं गवत-कागद काढून तो धुऊन कोरडा ठेवा, लघवी केली की सुई काढलेल्या सिरिंजने ओढून घ्या आणि त्याच दिवशी दवाखान्यात द्या. पट्टीची साधी चाचणी रक्त आणि रंग यांतला फरक लगेच दाखवते.

आणखी काही खुणा आहेत. आचळं सुजणं किंवा त्यांतून पाणी येणं, अचानक चिडखोर होणं, छातीचे केस उपटून पुन्हा पुन्हा घरटं करणं, आणि खाणं तेच असताना वजन उतरणं. यातलं काही दिसत असेल, तर “करावं का” हा प्रश्न मागे पडतो आणि “किती लवकर” हा पुढे येतो.

भूल देण्याची भीती

भीती खरी आहे, आणि ती आकड्यांसकट समजून घ्यावी. ब्रिटनमध्ये हजारो प्राण्यांची नोंद ठेवून केलेली एक मोठी पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. तीत भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण कुत्र्यांमध्ये ०.१७ टक्के, मांजरांमध्ये ०.२४ टक्के आणि सशांमध्ये १.३९ टक्के निघालं. म्हणजे ससा खरंच नाजूक. पण त्याच पाहणीत निरोगी सशांचं प्रमाण ०.७३ टक्के होतं, आणि आधीच आजारी असलेल्यांचं ७ टक्क्यांहून जास्त.

माझा सगळा निर्णय या शेवटच्या दोन आकड्यांवर फिरला. “काही झालं तर बघू, तेव्हा करू” असं आपण म्हणतो, तेव्हा आपण सशिणीला पहिल्या गटातून उचलून दुसऱ्या गटात नेऊन ठेवत असतो. करायचंच असेल तर ती ठणठणीत आहे तेव्हा करावं.

डॉक्टर निवडताना

पुण्यात प्राण्यांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण बहुतेकांचा हात कुत्र्या-मांजरांवर बसलेला असतो. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ससा वेगळा प्राणी आहे. जे पक्षी, कासव, ससे नेमाने बघतात, ज्यांना आता सगळे “एक्झॉटिक”चे डॉक्टर म्हणतात, अशांकडे जा. शहरात समाधान झालं नाही, तर सातारा रस्त्यावर शिरवळला शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथेही चौकशी करता येते. ते साधारण ५० किलोमीटरवर आहे. मोठ्या वयाच्या सशिणीला एवढा प्रवास झेपेल का, याचा विचार आधी करा.

मी जाईच्या वेळी तीन दवाखान्यांत जाऊन हेच प्रश्न विचारले. सशिणींची अशी किती ऑपरेशनं केली आहेत, आणि त्यांतल्या चार वर्षांपुढच्या किती? ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं का? भूल कशी देता, कानाच्या शिरेत सुई लावून ठेवता का, अंग गरम ठेवायला काय करता? वेदनेचं औषध किती दिवस? रात्री काही झालं तर फोन कोण उचलेल?

उपाशी ठेवण्याचा प्रश्न ही तर परीक्षाच समजा. ससा उलटी करू शकत नाही, त्यामुळे कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवण्याचं कारणच नाही. उलट पोट रिकामं राहिलं, की त्याच्या आतड्यांची हालचाल मंदावते आणि तेच जिवावर बेततं. तोंडात घास राहू नये म्हणून अगदी शेवटचा तास-दोन तास खाणं काढून घेतात, तेवढंच. एका ठिकाणी मला “रात्री दहानंतर काही देऊ नका” असं सांगितलं. डॉक्टर स्वभावाने फार चांगले होते, पण मी जाईला तिथे नेलं नाही.

अँटिबायोटिकबद्दलही बोलून घ्या. तोंडाने दिलेलं अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन सशाच्या आतड्यांतले उपयोगी जंतू मारून टाकतं आणि त्यात ससा दगावू शकतो. सशांचा सराव असलेले डॉक्टर ही औषधं तोंडाने देतच नाहीत.

ऑपरेशनआधीच्या तपासण्या

तरुण सशिणीच्या बाबतीत नुसत्या तपासणीवर भागवतात. चार वर्षांपुढे तसं करू देऊ नका. रक्ताची तपासणी हवी, विशेषतः किडनी, लिव्हर आणि रक्ताचं प्रमाण. पोटाची सोनोग्राफी हवी. आणि छातीचा एक्स-रे हवाच, एकाहून जास्त बाजूंनी काढलेला. गर्भाशयाचा कर्करोग पसरतो तो बहुधा फुप्फुसांत. तिथे पोचला असेल, तर गर्भाशय काढून रोग बरा होत नाही आणि सशिणीला नुसताच त्रास होतो. शेवंतीचा एक्स-रे आधी काढला म्हणून निदान तिचे शेवटचे दोन महिने ऑपरेशनच्या दुखण्याशिवाय गेले.

दातही बघायला सांगा. मागच्या दाढा वाढून जिभेला लागत असतील, तर ऑपरेशननंतर ती खाणार कशी? नाक वाहतंय का, पुढच्या पंजांचे केस नाक पुसून चिकट झालेत का, हे तुम्ही घरीच बघू शकता. श्वासाचा जुना त्रास असेल तर भुलेचा धोका वाढतो.

मग वजन. फ्लॅटमध्ये राहून, पेलेट (दाण्यांचं तयार खाद्य) आणि लसूणघास खाऊन पुष्कळ सशिणी गुबगुबीत होतात. सशिणीच्या गर्भाशयाला धरून ठेवणाऱ्या पडद्यातच चरबी साठते, त्यामुळे जाड सशिणीचं ऑपरेशन लांबतं आणि अवघडही होतं. जाईला आम्ही आधी अडीच महिने बारीक केलं. पेलेट निम्म्यावर आणले, केळं आणि गाजराचे तुकडे बंद केले, लसूणघासाऐवजी साधं वाळलं गवत आणि हरळी दिली, आणि संध्याकाळी हॉलमध्ये मोकळं सोडलं. हे हळूहळूच करायचं. सशाची उपासमार केली तर लिव्हरवर चरबी चढते आणि ती जिवावर उठते.

तर मग करायचं की नाही?

मी ज्या तऱ्हेने विचार केला, तो सांगते. सशीण तीन-चार वर्षांची असेल, तपासण्या स्वच्छ असतील आणि सशांचा अनुभव असलेले डॉक्टर मिळत असतील, तर करावं. पाच-सहा वर्षांची असेल तरी तपासण्या चांगल्या आल्यावर मी हो म्हणेन, फक्त डॉक्टर निवडताना दुप्पट काळजी घेईन. नीट सांभाळलेला घरगुती ससा आठ ते बारा वर्षं जगतो. पाचव्या वर्षी तिचं अर्धं आयुष्य पुढे असू शकतं.

सात वर्षांपुढे आणि कसलाही त्रास नाही, अशा वेळी मी स्वतः थांबेन आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहीन. याबाबत डॉक्टरांमध्येही दोन मतं असतात, आणि दोन्हींत तथ्य आहे. किडनी कमजोर असेल, श्वासाचा आजार मुरलेला असेल किंवा फुप्फुसांत रोग पसरलेला असेल, तर ऑपरेशन नको.

पण सोनोग्राफीत गाठ दिसली आणि छाती स्वच्छ आहे, तर वयाकडे बघून मागे हटू नका. तिथे ऑपरेशन हाच इलाज असतो. रोग गर्भाशयातच असताना ते पूर्ण काढलं, तर पुष्कळ सशिणी पुढे वर्षानुवर्षं नीट राहतात.

खर्चाचं आधीच लिहून मागा. तपासण्या, भूल, ऑपरेशन, औषधं, फेरतपासणी आणि काढलेल्या गर्भाशयाची बायोप्सी, प्रत्येकाचा आकडा वेगळा. बायोप्सीवर पैसे वाचवू नका.

तारीख ठरवताना

पुण्यात मी दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हाच काळ सुचवेन. सशाला २८-३० अंशांवरची उष्णता सोसत नाही आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. पावसाळ्यात गवत दमट होऊन बुरशी धरतं, माश्या वाढतात आणि जखमेच्या आसपास ओल राहिली तर माशी अंडी घालते. गणपतीत रस्त्यावरच्या घरात ढोलताशाने माणसांच्या छातीत धडधडतं, तिथे नुकते टाके पडलेल्या सशिणीचं काय होत असेल? दिवाळीतल्या फटाक्यांचंही तेच. थंडीत फक्त रात्री जपायला लागतं, डिसेंबरात पुण्यात पारा दहाच्या आसपास उतरतो. हे अर्थात तातडी नसतानाचं. रक्त जात असेल तर महिना बघायचा नाही.

सकाळची पहिली वेळ मागून घ्या, म्हणजे दिवसभर डॉक्टरांचं लक्ष राहतं आणि संध्याकाळपर्यंत ती घरी येते. बरोबर तिचंच गवत, तिच्या आवडीचा पाला आणि तिच्या वासाचं फडकं न्या. जोडीला दुसरा ससा असेल तर त्यालाही न्या, नाहीतर दवाखान्याचा वास घेऊन आलेल्या जोडीदारिणीला तो ओळखत नाही आणि मारामारी होते.

पहिले तीन दिवस

घरी आल्यावर बघायच्या गोष्टी दोन, खाणं आणि लेंड्या. त्याच संध्याकाळी तिने काहीतरी कुरतडलं पाहिजे. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला असं वासाचं काहीतरी नाकाजवळ धरा. ती खातच नसेल, तर सकाळची वाट बघू नका. डॉक्टरांना फोन करा आणि त्यांनी सांगितलं असेल त्याप्रमाणे पेलेट कोमट पाण्यात भिजवून, वाटून, सिरिंजने भरवा. सिरिंज पुढून खुपसायची नाही. पुढच्या दातांच्या मागे बाजूने मोकळी जागा असते, तिथून थोडं थोडं, चावायला वेळ देत. बारा तास खाणं नाही आणि लेंड्याही नाहीत, तर तातडीने दवाखाना गाठा.

ती अंगाचं मुटकुळं करून बसली असेल, डोळे अर्धवट मिटले असतील, दात करकरत असतील, पोट जमिनीला दाबत असेल, तर तिला दुखतंय. वेदनेचं औषध बहुधा मेलॉक्सिकॅम असतं. ते सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेले सगळे दिवस द्या. घरातली पॅरासिटॅमॉल किंवा कॉम्बिफ्लाम देऊ नका.

खाली पांढरं जुनं सुती कापड अंथरा, म्हणजे रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. लाकडाचा भुसा टाके भरेपर्यंत नको. साधारण दहा दिवस उड्या बंद, सोफा-पलंग बंद. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर शक्यतो टाळा, कारण ससा स्वतःच्या मऊ लेंड्या थेट तोंडाने उचलून खातो आणि ते त्याच्या पोटासाठी गरजेचं असतं. ती टाके फारच कुरतडायला लागली, तर डॉक्टरांना विचारून पोटपट्टी बांधा.

जाईने घरी आल्यावर चार तासांनी पुदिन्याचं एक पान खाल्लं. तिचं गर्भाशय डॉक्टरांना बाहेरून ठीक वाटलं होतं, पण बायोप्सीत अस्तर जाड झालेलं निघालं. कर्करोग नव्हता. तो निघाला असता, तर पुढची दोनेक वर्षं दर तीन-चार महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढायला लागला असता.

नाही करायचं असं ठरलं तर

आमच्या सोसायटीतल्या आजींची सशीण आठ वर्षांची आहे. तिची एक किडनी लहान झालेली दिसली, म्हणून त्यांनी ऑपरेशन केलं नाही. तो निर्णय बरोबरच होता, कारण त्यांनी तपासून घेतला आणि त्यानंतर लक्ष सोडलं नाही. दर रविवारी त्या तिला टोपलीत बसवून डिजिटल काट्यावर ठेवतात आणि वजन फ्रिजवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात लिहितात. दोन किलोच्या सशिणीचं शंभर ग्रॅम उतरलं, म्हणजे शरीराचा विसावा भाग गेला. हातात घेऊन ते कळत नाही, काट्यावर कळतं. ट्रेमध्ये पांढरा कागद असतो. आंघोळीनंतर रोज आचळांवरून बोट फिरवून गाठ लागते का बघतात (आंघोळ आजींची, सशाला कधी आंघोळ घालू नये). सहा महिन्यांनी सोनोग्राफी. मागच्या महिन्यात कागदावर लाल दिसलं, तेव्हा बीट दिलं होतं का याचा विचार करत न बसता त्यांनी सिरिंज काढली आणि मला हाक मारली. पट्टीची चाचणी स्वच्छ आली. ती तारीखही कालनिर्णयावर लिहिलेली आहे.